पाच नंबरची नळी

३ फेब्रुवारी, सोमवार

फाटकावरच मोबाईल काढून घेतला. ठिणगी पडते म्हणे. कॅमेरासुद्धा. म्हणजे आत जे दिसेल ते फक्त माझ्या डोळ्यांनी आणि पेन्सिलीने! छान सोय आहे.

इंधनाचा डेपो. सहा टाक्या, पांढऱ्या, ढेरपोट्या. टँकर भरायचा धक्का, सगळीकडे पाईप. मागे उंच भिंत आणि भिंतीपलीकडे ताईची गल्ली. गल्लीतल्या दोन अंगणांत गवत जळलं, एकाने झाडासाठी खड्डा खणला तर त्यातून पेट्रोलचा वास आला, म्हणून नगरपालिकेने तपासणी आमच्या ऑफिसला दिली आणि ऑफिसने मला. माझी बहीण तिथेच राहते आणि मेहुणे डेपोतच कामाला आहेत, हे साहेबांना आधीच सांगितलं होतं. 'मग तर तुम्ही जास्तच नीट बघाल,' म्हणाले.

बघणारच आहे.

डेपोचा मॅनेजर. याचं नाव मी मनातल्या मनात इस्त्री ठेवलंय. तेलाच्या डेपोत पांढरा शर्ट, त्यावर एक डाग नाही, एक सुरकुती नाही! हसत हसत एक फाईल पुढे सरकवली. 'सगळं यात आहे मॅडम. तुमचा वेळ वाचेल.' माझा वेळ वाचवायची काळजी करणारा माणूस मला आजवर कधी आवडलेला नाही.

फाईलचं सार इतकंच: इथे जमिनीखाली पाण्याचे दोन साठे आहेत. एक वरचा, साडेचार मीटरवर. दुसरा खोल, बारा मीटरच्या खाली. हे खोलचं पाणी गल्लीच्या बोअरला येतं आणि सगळी गल्ली तेच पिते. दोन्हींच्या मध्ये, नऊ मीटरवर, 'चिकणमातीचा सलग थर'. त्यामुळे वर काही सांडलं तरी खालचं पाणी सुरक्षित. सबब खोल तपासणीची आवश्यकता नाही.

सोयीची चिकणमाती! नेमकी हवी तिथे आणि हवी तेवढी. फाईलवर सही डेपोनेच नेमलेल्या कुणाची तरी. इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

चहा विचारला. नको म्हटलं. पाण्याची बाटली घरूनच नेली होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार

एक आणि दोन नंबरच्या तपासणीच्या नळ्या झाल्या. जमिनीत सात मीटर खोल बोअर मारायची, त्यात जाळीचा पाईप सोडायचा, वर झाकण. पाईपाला बारीक चिरा असतात, त्यातून आजूबाजूचं पाणी आत येतं आणि आपण ते काढून तपासायचं. साधं काम. पण कुठे मारायची ते मीच ठरवते, ऐन वेळी ठरवते, आणि आदल्या दिवशी कुणालाही सांगत नाही.

बोअरवाले काका नवीन आहेत आमच्याकडे. साठीचे असतील. यंत्र चालवायला दोन माणसं, पण वर आलेली माती स्वतःच बघतात. बोटांत घेऊन चोळतात, हुंगतात, मग कानापाशी नेऊन दाबतात. मी विचारलं, हे काय? 'वाळू बोलते मॅडम. करकर करते. चिकणमाती गप्प बसते.' मला हसू आलं. वहीत लिहिताना मात्र त्यांचंच लिहून घेतलं. बरोबर असतं त्यांचं.

दोन नंबरमध्ये पाण्यावर पेट्रोल तरंगतंय. बोटभर जाडीचं!

५ फेब्रुवारी, बुधवार

तीन, चार नंबर झाले. तीनमध्येही वास. चार बरी.

इस्त्रीला दोन नंबरचं सांगितलं. वाटलं, आता चेहरा पडेल, फोनाफोनी होईल. तर म्हणतो कसा, 'वरचं आमचंच आहे मॅडम, नाकारत नाही. धक्क्याखालचा जुना पाईप गळत होता, गेल्या वर्षी बदलला. साफ करायचा खर्च आमचाच. फक्त एक विनंती आहे, तो चिकणमातीचा थर सांभाळा.'

इतक्या लवकर कबूल? ज्याने दहा रुपये चोरलेत तो कधी असा कबूल होत नाही. दहा रुपये कबूल करतो तो शंभर लपवायला. आणि थर सांभाळा म्हणजे काय? म्हणजे खाली बघू नका!

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी गल्लीत. बोअरच्या पाण्याचा नमुना ताईच्या घरच्या नळावरूनच घेतला. ताईचं पाळणाघर ऐन भरात होतं. अकरा पोरं, त्यातली चार रडत होती, एक माझ्या खोक्यावर चढून बसला होता. 'अगं छोटे, बाटल्या भरतेयस की औषध करतेयस?' नमुन्याच्या बाटलीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, म्हणून मी बाटली उलटी करून टिचक्या मारत होते. पोरांना खेळच वाटला. मग सगळ्यांनी आपापले पेले उलटे केले. फरशीवर तळं!

ताईने पोरांना तेच पाणी पाजलं. मी बघत बसले. बोलण्यासारखं अजून हातात काही नव्हतं.

खोक्याला चिकटपट्टी, पट्टीवर आडवी सही. गाडी स्वतः चालवत प्रयोगशाळेत नेऊन दिलं. 'कुरिअरने चाललं असतं,' तिथली बाई म्हणाली. हिला आम्ही दशांश म्हणतो. वेळ विचारली तरी सेकंदांसकट सांगते. कुरिअर! एकदा विश्वास टाकून बघितलाय. त्या रंगाच्या कारखान्यात. मॅनेजर इतका गोड होता! 'या मॅडम, इथली माती घ्या, इथे बसा, सावली आहे.' मी सावलीतली माती घेतली. ती माती त्यांनी आठवड्यापूर्वीच बाहेरून आणून पसरली होती. मी 'स्वच्छ' लिहून दिलं. दोन वर्षांनी शेजारच्या शाळेची विहीर बंद केली. ती बातमी मी ऑफिसात उभ्यानेच वाचली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

तेव्हापासून सावलीत बसत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज भांडणच झालं.

पाच नंबरची नळी. भिंतीला लागून, दोन नंबरपासून वीस पावलांवर. सकाळी काकांना सांगितलं, ही सोळा मीटर जायची. ती सोयीची चिकणमाती आहे की नाही ते मलाच बघायचंय. काकांनी यंत्र लावलं. पाच, सात, आठ. नऊच्या जरा पुढे त्यांनी हात वर केला. यंत्र बंद.

'मॅडम, चिकट लागलंय. थांबायचं का?'

वर आलेली माती चोळून कानाला लावली. 'गप्प आहे.'

मी बघितलं. करडी, चिकट, खरी. पण चिकणमातीचा गोळा कुठेही सापडतो. गोळा म्हणजे सलग थर नव्हे! म्हटलं, अजून अर्धा मीटर चला. अर्ध्या मीटरने पुन्हा वाळू. 'हा काय थर? हात बुडाला की संपला,' मी म्हटलं. 'पातळ आहे, पण आहे ना मॅडम,' काका म्हणाले. 'इथवर आलो ते ठीक. आता वर साधा पाईप घालू, बाहेरून फुगणारी माती भरू, गच्च बंद करू. मग खाली जाऊ.'

फुगणाऱ्या मातीच्या पिशव्या आल्याच होत्या. पाणी लागलं की ही माती पिठासारखी फुगते आणि बोअरची फट बंद करते. पण त्या पिशव्या डेपोच्या गोदामातून आल्या होत्या. दोन पिशव्यांच्या तोंडावर दुहेरी शिलाई. एकदा उसवून पुन्हा शिवल्यासारखी! त्यात काय मिसळलंय कुणास ठाऊक. माझ्या नमुन्यात उद्या काही भलतंच आलं तर इस्त्री म्हणायला मोकळा की तपासणीच चुकली. सगळ्या पिशव्या परत पाठवल्या. माझ्या ऑफिसातून मागवते म्हटलं.

'मग तोवर थांबू,' काका.

थांबू! नऊ मीटरवरच थांबावं, हे इस्त्रीने सांगितलं होतं की काय यांना? सकाळी दोघांना फाटकापाशी बोलताना मी पाहिलं होतं. मी सरळ विचारलं. काका लाल झाले. 'तीस वर्षं झाली मॅडम, जमिनीशी खोटं बोललो नाही अजून.' त्यांची माणसं माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, सोळा मीटर जायचं आणि वरून खालपर्यंत सबंध जाळीचा पाईप घालायचा. दोन्ही पाणी मला एका नळीत दिसू दे. पिशव्या आल्या की पाईप काढून नीट करू.

गेले. घातला. संध्याकाळी यंत्र गाडीवर चढवताना काका एवढंच म्हणाले, 'पिशव्या लवकर मागवा.'

ऑफिसला पिशव्यांची मागणी पाठवली.

८ फेब्रुवारी, शनिवार

काकांचा फोन. पिशव्या आल्या का? अहो, कालच मागवल्या ना!

११ फेब्रुवारी, मंगळवार

दशांशचा फोन. गल्लीचं पाणी स्वच्छ. 'शून्य पूर्णांक शून्य शून्य काहीच नाही,' म्हणाली आणि स्वतःच हसली.

खरं तर नाचायला हवं होतं. ताईला फोन केला, ती म्हणाली, 'बघ! उगाच जीव टांगणीला लावला होतास.' आणि मला, लिहायला लाज वाटते, जरा चुकल्यासारखं झालं. म्हणजे इस्त्री खरं बोलत होता? असं कसं होईल?

मग वाटलं, नमुना बदलला असेल. पण खोकं तर मीच नेलं होतं. स्वतःवरही संशय घ्यायची वेळ आली तर कठीण आहे!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाण्याच्या पातळ्या घेतल्या. टेपच्या टोकाला पाणी लागलं की ती टुकटुक वाजते. एक ते चार नळ्यांत साडेचार मीटरच्या आसपास. पाच नंबरमध्ये थेट अकरा मीटर ऐंशी सेंटिमीटर! धक्क्यावर टँकरचं इंजिन घरघरत होतं, नीट ऐकूही येईना. दोनदा सोडून पाहिली. तेच.

शेजारच्या नळीत साडेचारला पाणी आणि इथे नाही? कुणीतरी पंप लावून उपसून काढलंय. नक्की! मी नमुना घेऊ नये म्हणून.

बाजारात गेले, पितळी कुलूप आणलं, पाच नंबरच्या झाकणाला लावलं. किल्ली एकच. माझ्या चाव्यांच्या जुडग्यात.

१६ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे जेवायला. भावोजी भेटले. रोज सकाळी टाक्यांवर चढून, आत टेप सोडून तेलाची उंची मोजायची, हेच त्यांचं काम. बावीस वर्षं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, चार नंबरच्या टाकीचे आकडे इतके सारखे कसे येतात हो? वही पाहिली होती मी. आठवडाभर एकच आकडा.

जेवता जेवता थांबले. 'मेहुणीबाई, त्या टाकीची झडप बंद आहे. आत तेल जात नाही, बाहेर येत नाही. आकडा सारखाच येणार.'

'मी फक्त विचारलं.'

'तू फक्त कधीच विचारत नाहीस.' हे ताई म्हणाली. वाढायची थांबून.

भावोजी हसले खरे, पण पुढे जेवण होईपर्यंत छताच्या पंख्याकडेच बघत होते. चांगले आहेत. चांगलेच आहेत. पण चांगल्या माणसांना सह्या करायला लावणं सगळ्यात सोपं असतं. हे मी माझ्यावरूनच सांगते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काकांचा पुन्हा फोन. पिशव्या! ऑफिसचा भांडारवाला म्हणतो पुढच्या महिन्यात. मी म्हटलं, काका, नळीला कुलूप आहे, कुणी हात लावत नाही. 'हात लावायचा प्रश्न नाही मॅडम,' म्हणत होते, तेवढ्यात इस्त्री फाटकातून बाहेर आला. फोन ठेवला. त्याच्यासमोर कशाला?

इस्त्री विचारत होता, पाच नंबर किती खोल नेली? म्हटलं, अहवालात वाचा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सात वाजता ताई. 'छोटे, पाण्याला वास येतोय.'

कसला?

'तू इथून गेल्यावर तुझ्या कपड्यांना येतो तसला.'

धावत गेले. नळ सोडला. नाक न्यावं लागलंच नाही. ताईने पोरांना पाणी देणं पहाटेच बंद केलं होतं. पलीकडच्या गल्लीतून पिंपं भरून आणली होती. शनिवारचं पाणी मात्र सगळ्यांनी प्यायलं होतं. तेव्हाही थोडा वास होता म्हणे, तिला फिनेलचा वाटला. 'मला कळायला हवं होतं ना ग?' तेच तेच विचारत होती. मी तिला जवळ घेतलं.

नमुना घेतला. बाटली उलटी करून टिचकी मारली. या वेळी कुणी हसलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दशांशने आकडा सांगितला. मी तो दोनदा लिहून घेतला. पिण्याच्या पाण्यात चालतो त्याच्या नऊपट.

'आधी शून्य होतं ना?' ती म्हणाली. 'तुम्ही सहाला नमुना घेतला तेव्हा शून्य. आणि आता एकदम एवढं. हळूहळू झिरपलेलं नाही हे. मधे काहीतरी घडलंय.'

हेच! हेच मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय! डोकं लख्ख झालं. सहा फेब्रुवारीनंतर, चार-दोन दिवसांतच, डेपोत काहीतरी घडलंय. काहीतरी फुटलं, काहीतरी ओतलं, कुणीतरी रिकामं केलं. मग ते गल्लीपर्यंत पोचायला पंधरा-सोळा दिवस. हिशोब तंतोतंत बसतो.

नगरपालिकेला कळवलं. बोअर बंद. टँकर सुरू झाला, दिवसातून एकदा. पाळणाघर बंद. डॉक्टरांनी अकराही पोरं तपासली. दोन-चार दिवसांच्या पाण्याने काही होऊ नये, म्हणाले, पण पुन्हा एक थेंब नको. त्यांतल्या एकाची आई ताईच्या दारात उभी राहून जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही.

इस्त्रीने फोन केला. पहिल्यांदाच आवाजाला सुरकुती होती. 'मॅडम, खालच्या पाण्यात आलं कसं? मधे थर आहे.' वा! मला विचारतो!

१ मार्च, शनिवार

पुरावा हवा. डेपोच्या फाटकावर एक वही असते. जी गाडी आत येते, बाहेर जाते, जो माणूस येतो, त्याची नोंद, वेळ, काम, सही. सहा ते दहा फेब्रुवारीची पानं मिळाली की काय घडलं ते कळेल. मागितली असती तर इस्त्रीने आधी बघितली असती, मग दिली असती. म्हणून मागितली नाही.

भावोजींना सांगितलं. त्यांचा मोबाईल रोज त्याच टेबलावर जमा असतो. परत घेताना चार पानांचे फोटो. एक मिनिटाचं काम.

'हे मला नका सांगू मेहुणीबाई.' मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाले.

मी म्हटलं, तुमच्याच घरातल्या नळाचा प्रश्न आहे. तुमच्या बायकोचं पाळणाघर बंद पडलंय. आणि तुम्ही कुणाला वाचवताय?

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. मग म्हणाले, 'बरं.'

३ मार्च, सोमवार

भावोजी पकडले गेले. फाटकावर वर कॅमेरा आहे. मला पहिल्याच दिवशी दिसला होता. सगळ्यांवर नजर ठेवणारी मी, मला हे सुचू नये!

निलंबित. बावीस वर्षांनंतर. फोटो मात्र त्यांनी मला आधीच पाठवले होते. खाली एक ओळ: 'यात काही नाही.'

ताईला फोन केला. उचलला. 'आमच्या घरात आता पाणी नाही, पोरं नाहीत, नोकरी नाही. तुला अजून काय बघायचंय?' ठेवला.

एकदा डेपोने काय केलं ते सिद्ध झालं की भावोजींना सन्मानाने परत घ्यावं लागेल. इस्त्रीला स्वतः त्यांच्या दारात जावं लागेल. जायलाच लावीन!

४ मार्च, मंगळवार

चारही पानं मोठी करून छापून घेतली. सकाळपासून भिंग घेऊन बसलेय.

सहा तारीख: रोजचे टँकर. माणसं रोजचीच.
सात तारीख: धक्का बंद, टँकर नाही. आत आलेली एकच गाडी, आमची बोअरची. त्यापुढे माझी सही.
आठ, नऊ: सुट्टी. फक्त पहारेकरी.
दहा: रोजचे टँकर.

बस्स! ना बाहेरची गाडी, ना कामगार, ना दुरुस्तीचं सामान, काही नाही. पाच दिवसांत त्या डेपोत वेगळं असं काही घडलंच नाही, आमची गाडी सोडून.

किती स्वच्छ वही! पुन्हा त्या शर्टासारखी. वहीच बनावट आहे. पानं नव्याने लिहिलीत, माझी सही तेवढी हुबेहूब उतरवलीय. अक्षर तपासणारा माणूस शोधायला हवा. उद्या नगरपालिकेत बैठक आहे. तिथे सांगणार.

५ मार्च, बुधवार

बैठक. बोलले. आवाज चढला. वही बनावट आहे म्हटलं. इस्त्री टेबलाकडे बघत होता. मग म्हणाला, 'मॅडमना काय हवं ते तपासू द्या. रविवारपर्यंत धक्काही बंद ठेवतो. पण एकदा कारण सांगा. आम्हाला पण झोप नाही.'

अभिनय!

अध्यक्ष म्हणाले, दोन दिवसांत लेखी द्या, तक्त्यांसकट. पाच नंबरची पातळी चौदा तारखेनंतर घेतलेलीच नाही. तक्त्यात एक रकाना रिकामा दिसतो. उद्या सकाळी जाऊन घेते.

झोपण्याआधी ताईला एक निरोप पाठवला: 'मी हे शोधून काढणार. तुझ्यासाठी.' तिने वाचलाय.

६ मार्च, गुरुवार

धक्का बंद. टँकर नाही, माणूस नाही, सगळीकडे शांत. पाच नंबरचं कुलूप तसंच होतं, कुणी हात लावला नव्हता. झाकण काढलं, टेप सोडायला वाकले, आणि आवाज आला. आत पाणी पडत होतं. बारीक, एकसारखं. खाली, खोल, पाण्यावर पाणी. कान लावून कितीतरी वेळ गुडघ्यांवर बसून राहिले. वरचं, पेट्रोलचं पाणी. थराला मी पाडलेल्या वाटेने, माझ्या पाईपाच्या चिरांतून, ताईच्या पाण्यात. सात फेब्रुवारीपासून. रोज.

फाटकाबाहेर येऊन काकांना फोन लावला. म्हटलं, काका, डेपोच्या गोदामातल्या पिशव्या घेऊन या. सगळ्या.